पहिल्या फेरीत पास झालेला माणूस

एकतीस वर्षं ज्या माणसानं शहरातल्या लोकांना गाडी चालवायचा परवाना दिला, किंवा खरं सांगायचं तर बहुतेकांना दिला नाही, त्या परीक्षकसाहेबांचं निवृत्तीनंतरचं ठाम मत असं होतं की रस्त्यावर तीनच तऱ्हेची माणसं असतात: गाडीतले माजोरी, सायकलवरचे उद्धट आणि पायी चालणारे बावळट. चौथ्या तऱ्हेचा, म्हणजे शहाणा, असा एकच माणूस त्यांच्या पाहण्यात होता आणि तो रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचा.

परिवहन कार्यालयामागच्या मैदानात त्यांनी उभी हयात काढली. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, मांडीवर लिहायचं पॅड, हातात पेन्सिल, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. आरशात न बघता बघितल्याचं सोंग करणारा माणूस ते नुसत्या मानेच्या शिरेवरून ओळखत. आठचा आकडा सुंदर काढून शेवटी खुशीत येऊन एका हातानं स्टिअरिंग फिरवणाऱ्याला तर ते हमखास घरी पाठवत. ओरडायचे नाहीत. पेन्सिल खिशाला लावून शांतपणे म्हणायचे, "पुन्हा या." त्यावरून अख्ख्या शहरात त्यांचं नाव पडलं होतं, पुन्हाया. साहेबांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

पोटच्या पोरीलाही त्यांनी तीनदा नापास केलं. पहिल्यांदा चढावर गाडी वीतभर मागे आली म्हणून, दुसऱ्यांदा वळताना हात दाखवायला उशीर झाला म्हणून. तिसऱ्यांदा ती चौकात शिरली तेव्हा खरं म्हणजे काहीच चुकलं नव्हतं. पण साहेब म्हणाले, "समोरचा थांबेल अशा आशेवर तू शिरलीस. आशा हे वाहतुकीचं चिन्ह नाही." लेकीनं त्या दिवशी घरी येऊन ताट दूर सारलं आणि पुढच्याच महिन्यात मावशीच्या गावी जाऊन लायसन्स काढून आणलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून साहेब तिच्या गाडीत बसले नव्हते. तिनंही कधी आग्रह केला नव्हता.

आता ते पायीच फिरत. घरापासून वाचनालयापर्यंतचा सरळ रस्ता, वीस मिनिटांचा. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं या रस्त्याचे उभे तीन भाग केले होते. कडेला फुटपाथ, त्याला लागून सायकलींसाठी हिरवा रंग फासलेला पट्टा आणि उरलेलं डांबर गाड्यांना. हेतू असा की सगळ्यांनी सुखानं नांदावं. झालं असं की तिघांनाही आपल्याला लुटल्यासारखं वाटू लागलं. गाडीवाले म्हणत, आमचा रस्ता खाल्ला. सायकलवाले म्हणत, आम्हाला खड्ड्यांची चाळण टाकून दिली. पायी चालणारे काही म्हणत नसत, ते सरळ हिरव्या पट्ट्यावरून चालत, कारण फुटपाथवर दुकानदारांच्या पाट्या आणि फुलझाडांच्या कुंड्या. कोपऱ्यावर हातघाईची भांडणं व्हायची. एकदा दोन प्रौढ माणसांनी, त्यातला एक दातांचा डॉक्टर, सायकलच्या पंपानं मारामारी केली. ती साहेबांनी समोरच्या बाकावर बसून शेवटपर्यंत पाहिली आणि दोघांनाही मनातल्या मनात नापास केलं.

त्यांच्या खिशात एक डायरी असे. पट्ट्यात उभ्या केलेल्या गाड्यांचे नंबर ते त्यात टिपत आणि दर सोमवारी नगरपालिकेला पत्र पाठवत. नगरपालिका न चुकता कळवे की पत्राची नोंद घेण्यात आली आहे. सायकलींना नंबर नसतो, ही त्यांच्या मते कायद्यातली सर्वांत मोठी ढिलाई. म्हणून ते वर्णन लिहीत: "पिवळी टोपी, पायात चपला, डोक्यात भुसा."

हे सगळं डोळ्यात तेल घालून चाललं होतं असं मात्र कुणी समजू नये. साहेबांच्या उजव्या डोळ्यासमोर दोन वर्षांपासून धुकं साचत चाललं होतं. आधी पातळ, मग दाट, आता तर त्या बाजूला कुणी आलं तर नुसतं काहीतरी पांढुरकं हललं एवढंच कळे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी विकली तेव्हा घरी म्हणाले होते, "हे शहर गाडी चालवायच्या लायकीचं राहिलं नाही." सगळ्यांना ते पटलं होतं, कारण अशीच वाक्यं बोलणं हा त्यांचा स्वभाव होता.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला लाँड्रीसमोर हिरव्या पट्ट्यात एक उंच पांढरी गाडी उभी होती. मालक आतच बसून फोनवर बोलत होता. साहेबांनी डायरी काढली. पण नंबरप्लेटवरची अक्षरं नक्षीदार, एकमेकांत गुंतलेली. फुटपाथवरून तिरपं बघून काही लागेना. साहेबांनी उजवीकडे मान वळवली, नियमाप्रमाणे पाहिलं, धुक्यात काही हललं नाही असं ठरवलं आणि फुटपाथवरून खाली गाडीच्या मागे पट्ट्यात उतरले.

धुक्यातून एक बाई सायकलवर येत होती. प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणारी, तिशी ओलांडलेली, मागच्या कॅरिअरला बर्फ घातलेली पेटी. हेल्मेटच्या पट्ट्यात फोन खोचून ती प्रयोगशाळेतल्या कुणाशी तरी वाद घालत होती. गाडी आडवी आहे हे तिला लांबूनच दिसलं होतं, ती सावकाश वळसा घेऊन जाणारही होती. पण एक म्हातारा अचानक चाकापुढं उतरला, तेव्हा तिनं हँडल झटक्यात बाहेर मारलं. आणि नेमक्या त्याच क्षणी पांढऱ्या गाडीचं दार उघडलं.

आवाज फार मोठा झाला नाही. बाई दारावर आदळून डांबरावर पडली, सायकल एकीकडे, पेटी दुसरीकडे. पेटीचा कोपरा साहेबांच्या कोपराला लागला आणि तेही पट्ट्यात बसले. नळ्या घरंगळल्या, काही फुटल्या, हिरव्या रंगावर रक्त सांडलं.

मग नेहमीप्रमाणे लोक जमले. रक्त बाईचंच आहे असं समजून एक गृहस्थ भोवळ येऊन कुंडीवर बसला. त्याला पाणी द्यायला चौघं धावले. बाई मनगट धरून डांबरावर तशीच. एका सायकलवाल्यानं पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर थाप मारली. मागच्या गाडीतल्यानं खिडकीतून डोकं काढून सांगितलं की सायकलवाल्यांचं हे रोजचंच आहे आणि त्याला उशीर होतोय. एक आजीबाई म्हणाल्या की दोघांनाही फटकावलं पाहिजे, आम्ही चालायचं कुठं. निम्मे लोक फोन वर धरून चित्रण करत होते.

गाडीचा मालक उतरला. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, दारावरून हात फिरवला, मग बाईकडे पाहिलं.

"दोनच मिनिटं थांबलो होतो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मग त्याची नजर पट्ट्यात बसलेल्या साहेबांवर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. "साहेब, तुम्ही? ओळखलं नाही मला? पडद्यांचं दुकान आहे माझं, चौकात. तुम्ही मला पहिल्या फेरीत पास केलं होतं."

साहेबांनी त्याला ओळखलं. वर्षाकाठी पहिल्या फेरीत पास होणारे सात-आठच असत, आणि हा तर विसरण्यासारखा नव्हताच. बारा वर्षांपूर्वीचा एक सडपातळ तरुण. गाडीतून उतरण्याआधी त्यानं आरशात पाहिलं होतं, मग मान वळवून मागे पाहिलं होतं, मग दार बोटभर उघडून थांबला होता. साहेबांनी पॅडवर लिहिलं होतं, "निर्दोष." एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी दोनदाच वापरला होता.

कोपराला खरचटल्याच्या दुखण्यापेक्षा त्यांना हेच जास्त झोंबलं.

पोलीस चौकीतल्या खोलीत एक लांब बाक, एक टेबल, एक कपाट आणि कपाटावर सापडलेल्या वस्तूंची रास होती. छत्र्या, लहान मुलाचा एक बूट, तीन हेल्मेटं. टेबलामागच्या हवालदारबाई दोन बोटांनी जबाब टंकत होत्या. मनगटाला प्लास्टर घालून नमुनेवाली बाईही तिथंच येणार होती, तोवर या दोघांना बसायला सांगितलं होतं. लेकीला कुणीतरी फोन केला होता. ती कार्यालयातून तशीच निघून आली, साहेबांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या कोपरावरची पट्टी उलटसुलट करून पाहू लागली.

"फार लागलंय का बाबा?"

"नाही."

"मग चेहरा असा का?"

साहेबांनी कोपर सोडवून घेतलं. येताना वाटेत त्यांनी मनातल्या मनात जबाब जुळवून ठेवला होता. मी फुटपाथवर उभा होतो. बाई फोनवर बोलत वेगानं आली. दार उघडलं, ती आदळली. वाक्यं चांगली होती, आखीव, कुठं कसर नाही. एकतीस वर्षांची नोकरी, कोण त्यांचा शब्द खोटा पाडणार होतं? आपण उतरलो हे त्या बाईखेरीज कुणी पाहिलं नव्हतं, आणि सायकलवाल्या बाईचं ऐकतो कोण.

तेवढ्यात पडदेवाला बाकावर त्यांच्याकडे सरकला. अंगाला अत्तराचा घमघमाट. तो आवाज खाली आणून बोलू लागला, पण खोलीच एवढीशी की लेकीला सगळं ऐकू जात होतं.

"साहेब, आपण काही कुणाचं वाईट चिंतत नाही. तुम्ही एवढंच सांगा की तुम्ही फुटपाथवर होता आणि बाई फोनवर बोलत वाऱ्यासारखी आली. बस. बाकी माझा वकील बघेल."

"आणि दार?"

"दार मी किंचित उघडलं होतं. बघूनच उघडलं. तुम्ही मला ओळखता, तुमच्या हाताखालून गेलेला माणूस मी." तो हसला. "हे सायकलवाले म्हणजे नियम नाही, नंबर नाही. रस्ता यांच्या बापाचा असल्यासारखे येतात. आपल्यासारख्या समजूतदार माणसांनी एकमेकांना धरून राहिलं पाहिजे."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. ती वाक्यं त्यांचीच होती. एखाददुसरा शब्द काय तो इकडचा तिकडं. आपल्या मनात ती कशी घरंदाज, इस्त्री केल्यासारखी वाटत होती, आणि या माणसाच्या तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना कसला वास सुटला होता. या माणसानं बारा वर्षांपूर्वी सहा मिनिटं चांगला अभिनय केला आणि आपण त्याला निर्दोष म्हणालो. आता हा आपल्याला त्याच शब्दानं परतफेड करायला निघालाय. याच्याच बाकावर, याच्या माणसांत आपली गणती. साहेबांना शिसारी आली. त्यांना कुणी पुढं विचारलं असतं की तुम्ही सद्बुद्धीनं वागलात का, तर त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं असतं. त्यांना फक्त त्या माणसाच्या पंगतीत बसायचं नव्हतं.

नमुनेवाली बाई आली. हात गळ्यात बांधलेला, गालाला डांबर लागलेलं. ती बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"आधी कोण सांगतंय?" हवालदारबाईंनी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले आणि उठून टेबलासमोर गेले. "लिहा. गाडी सायकलच्या पट्ट्यात उभी होती. मालकानं मागं न बघता दार पूर्ण उघडलं. बोटभर नाही, पूर्ण."

पडदेवाला अर्धवट उठला. "साहेब, अहो..."

"मी अजून संपवलेलं नाही. त्याआधी मी फुटपाथवरून खाली उतरलो. बाई माझ्यामुळे बाहेर वळली. मी वळलो, पाहिलं, पण मला ती दिसली नाही. माझा उजवा डोळा जवळजवळ गेलेला आहे."

हवालदारबाईंची बोटं थांबली. बाकावरून लेक उठल्याचा आवाज आला.

"डोळ्याचं जबाबात घालू?"

"घाला. मोठ्या अक्षरात घाला."

भिंतीजवळची बाई पहिल्यांदाच नीट त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर थोडी नरमाई येऊ लागली होती.

"आणि बाई फोनवर बोलत होत्या," साहेब पुढं म्हणाले. "फोन हेल्मेटच्या पट्ट्यात होता. भांडत होत्या."

नरमाई आल्या पावली गेली. "मी कामाचं बोलत होते," बाई म्हणाली.

"सगळे कामाचंच बोलतात."

"तुम्हाला लोकांच्या आडवं येत हिंडायचंय आणि वर माझी चूक काढायचीय? अकरा माणसं आज सकाळपासून उपाशीपोटी बसली होती माझ्यासाठी. त्या अकरा जणांना आता परत सुई टोचायची. त्यात एक चार वर्षांची पोरगी आहे, तिची शीर सापडत नाही. तिला काय सांगू, एका साहेबांना नंबर टिपायचा होता म्हणून?"

"मी माफी मागतो."

"ठेवा तुमच्यापाशीच. महिनोन्महिने बघतेय मी तुम्हाला त्या डायरीसकट. मध्येच उभे, मध्येच वाकलेले. आमच्यात तुम्हाला गतिरोधक म्हणतात."

लेकीनं तोंडावर रुमाल धरला. साहेबांना तो हुंदका वाटला. तो हुंदका नव्हता.

सही करून बाहेर आल्यावर ती दोघं पायरीवर थांबली. लेकीची गाडी समोरच, नीट रेषांच्या आत लावलेली.

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"म्हणून गाडी विकलीत?"

"एकदा चौकात एक बाप आणि लेकरू दिसलं नाही. थोडक्यात वाचले. त्यांना कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी विकली."

"आणि आम्हाला सांगितलंत शहर लायकीचं राहिलं नाही."

"तेही खरंच आहे."

लेकीनं पर्समधून किल्ली काढली. तिला राग आला होता, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. एवढ्या वर्षांचा साठा होता. शेवटी ती म्हणाली, "मला तीनदा नापास केलंत. स्वतःला एकदा केलंत तेही चोरून. डोळ्याच्या डॉक्टरकडे चला. आत्ता."

"आत्ता जेवणाची वेळ झालीय."

"बसा गाडीत."

ते बसले. सबंध रस्ताभर तिनं एकही चूक केली नाही. निदान त्यांना दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूला तरी नाही.

पुढं जे झालं ते या शहराला शोभेल असंच झालं. पडदेवाल्याला दंड झाला, परवाना सहा महिन्यांसाठी गेला आणि त्यानं दुकानात गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की म्हाताऱ्यानं जुनं वैर काढलं. साहेबांनाही दंड झाला. बाईला फोनबद्दल ताकीद मिळाली. गाडीवाल्यांच्या संघटनेनं फलक लावला की पट्टा माणसं मारतो. सायकलवाल्यांनी त्याच खांबावर फलक लावला की गाड्या माणसं मारतात. ज्येष्ठ नागरिकांनी दोन्ही फलकांमुळे फुटपाथ अडल्याची तक्रार केली. कुणीही मेलं नव्हतं ही गोष्ट कुणालाच सोयीची नव्हती. बाईचं मनगट कसं आहे हे विचारायला तिन्हीपैकी एकही मंडळ गेलं नाही. नगरपालिकेनं सर्वांच्या भावनांची नोंद घेतली.

डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी रक्त तपासायचं होतं. लेकीनं प्रयोगशाळेला फोन केला, आणि सकाळी साडेसातला दार वाजलं तर समोर तीच. प्लास्टर निघालं होतं, पण मनगटाला पट्टा होता.

"मला माहीत असतं तर दुसरीला पाठवलं असतं," ती म्हणाली.

"मलाही माहीत नव्हतं."

"उपाशी आहात ना?"

"रात्रीपासून."

तिनं त्यांच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, कापसानं पुसलं, सुई घातली. शीर निसटली. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा निसटली. तिची बोटं आखडत होती, अंगठा नीट वळत नव्हता. तिनं सुई बाजूला ठेवली आणि हात झटकला. कपाळावर घाम आला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली लेक वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. तिला ते तोंड पाठ होतं. मांडीवर पॅड नसलं तरी ते त्याच चेहऱ्यानं बसले होते.

साहेबांनी बाही खाली केली, दुसरी वर केली आणि दुसरा हात पुढं ठेवला.

"इकडची शीर जाड आहे," ते म्हणाले.

तिसऱ्या वेळी रक्त आलं. तिनं नळीवर नाव चिकटवलं, पेटी बंद केली, लेकीनं दिलेलं पाणी उभ्यानं प्यायली. ती उंबऱ्यापर्यंत गेल्यावर साहेबांनी मागून हाक मारली.

"सायकल फुटपाथवर आडवी लावलीय तुम्ही. लोकांना खाली उतरून जावं लागतंय."

बाई वळली. "मनगट दुखतंय. उचलून कडेला लावता येत नाही. का दुखतंय ते तुम्हाला माहीतच आहे."

"ते बरोबर आहे. पण सायकल आडवी आहे, हेही आहेच."

"लावा मग तुम्हीच," ती म्हणाली.

साहेब चपला घालून बाहेर गेले. सायकल त्यांच्या अपेक्षेपेक्षा जड निघाली. ती भिंतीशी लावताना दोनदा पेडल त्यांच्या नडगीला लागलं. ती बाई पेटी छातीशी धरून बाजूला उभी राहिली आणि सायकल पुरती भिंतीला लागेपर्यंत सांगत राहिली की साहेब सगळं कसं चुकीचं करतायत.